ओढ्याकाठचं गवत

"दादा, हे बघा," असं म्हणत इस्पितळाच्या स्वयंपाकघरातल्या बाईंनी पळी दुधात बुडवून वर काढली. दूध सरसर निथळलं, पळीला पांढरा थरही राहिला नाही. "हल्ली तापवलं तरी साय धरत नाही. तुम्ही पाणी घातलं असं मी म्हणत नाही हं. पण पेशंटचं दूध आहे, मला वर उत्तर द्यावं लागतं."

"बघतो," एवढंच दूधवाला म्हणाला आणि रिकाम्या किटल्या टेम्पोत चढवू लागला. इतकी वर्षं तो या मागच्या दाराने दूध घालत होता, पण कुणी पळी बुडवून पाहिलं नव्हतं. बाई हळू बोलल्या, हेच त्याला जास्त लागलं. भांडल्या असत्या तर त्यालाही दोन शब्द बोलता आले असते.

वाटेत त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्याच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून धारा बायकोच काढत होती. त्याच्याकडे गाई चारणं आणि दूध पोचवणं एवढंच उरलं होतं. किटल्या अलीकडे नेहमीपेक्षा भरून येत होत्या. "तांबडी तर बादली उतू घालवतेय," असं तीच कौतुकाने म्हणाली होती. दूध वाढलं आणि पातळ झालं. याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता. शिवाय लेकीचं बाळंतपण तोंडावर आलेलं. हातात थोडं जास्त यावं, असं आईच्या मनात आलं असेल तर? हा विचार त्याने झटकला, पण घर येईपर्यंत तो टेम्पोत शेजारी बसूनच आला.

संध्याकाळी धारेच्या वेळी तो गोठ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. एरवी या वेळी तो घरात गुडघे शेकत बसायचा.

"काही हवंय का?" तिने न वळता विचारलं.

"नाही." दाराच्या चौकटीला टेकत तो म्हणाला, "बादली विसळल्यावर पालथी घालतेस ना? तळाला पाणी राहात असेल."

तिचे हात थांबले. धार का थांबली म्हणून तांबडीनेही मान वळवली. प्रश्न बादलीचा नव्हता, हे तिला कळायला वेळ लागला नाही. ती उठली, हात पुसले आणि बाजूला झाली.

"बसा. आजच्या धारा तुम्ही काढा."

"अगं, मी आपलं सहज विचारलं."

"मग सहजच काढा."

तो बसला. दुसरी बादली त्याने हातात घेऊन पाहिली. कोरडी ठणठणीत होती. तिच्यात तांबडीची उरलेली धार काढून झाल्यावर त्याने बोट बुडवलं आणि थेंब नखावर धरला. थेंब ठरला नाही, घरंगळून गेला. हे दूध त्याने स्वतः काढलं होतं. त्याने वर पाहिलं तेव्हा ती गोठ्यात नव्हती.

सकाळी त्याने गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी गाईंना हात लावण्याआधी शेण पाहिलं.

"काका, सध्या चारता कुठे?"

"ओढ्याकाठी. नवं बी टाकून राखलं होतं. असं लुसलुशीत आलंय, गाई मान वर काढत नाहीत." एवढं सगळं होऊनही त्याच्या आवाजातला अभिमान लपला नाही.

"तिथेच घोटाळा आहे. गवत फार कोवळं आहे. नुसता रस, काडी नाहीच. गाय भराभर गिळते, रवंथ कमी करते. दूध भरपूर येतं, पण पातळ. आधी वाळलं गवत खाऊ घाला, मग थोडाच वेळ तिकडे सोडा. बाकी टेकडीवर चारा."

"म्हणजे चांगलं गवतच नडलं म्हणायचं."

"गवत चांगलंच आहे हो. नुसतं तेवढंच नको."

बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. एक कप डॉक्टरांना दिला, एक त्याच्यापुढे ठेवला, आणि कुणी न सांगता वाळल्या गवताचा भारा सोडायला गेली.

हळूहळू गाई दुपारी सावलीत निवांत रवंथ करू लागल्या. दूध थोडं घटलं, पण साय पुन्हा धरू लागली. "आता कसं, दादा! मागचं मनावर घेऊ नका," इस्पितळातल्या बाई म्हणाल्या. "नाही हो," तो म्हणाला, आणि खरंच त्याच्या मनात बाईंबद्दल काही नव्हतं.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. "माझंच चुकलं. मीच हौसेने तिकडे सोडल्या होत्या." गवताबद्दल तो बोलला. दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायला तोंड उघडलं, पण पुन्हा गवताबद्दलच बोलला.

"बरं झालं," ती म्हणाली. "हातपाय धुऊन घ्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे भरलेल्या किटल्या ओळीने उभ्या होत्या. एरवी ती झाकणं घट्ट बसवून ठेवायची. आज झाकणं शेजारी काढून ठेवलेली होती.

"बघून घ्या, मग लावते."

"अगं, त्यात काय बघायचंय?"

"बघा तरी." तिच्या आवाजात राग नव्हता. छत्री घेतली का, असं विचारावं, तसा आवाज.

तो गुडघ्यावर हात टेकून वाकला. ताज्या दुधाची वाफ त्याच्या चेहऱ्यावर आली. त्याने मान हलवली. तिने झाकण दाबून बसवलं आणि दुसरी किटली त्याच्यापुढे सरकवली.