जांभळीच्या गढीचा मोडका अडसर

मी एक जुना अडसर आहे. मित्रांनो, मोठ्या दरवाजाला आतून जे जाड आडवे लाकूड लावतात, ते म्हणजे मी. कयाधू नदीच्या काठी जांभळी गावात एक गढी आहे. तिच्या दरवाजासाठी सुताराने मला अखंड सागातून घडवले. दिवस मावळला की पहारेकरी मला भिंतीतल्या पोकळीतून ओढी, माझे टोक समोरच्या खाचेत घाली आणि त्यावर लोखंडी खुंटी ठोकी. मग सारे गाव निर्धास्त होई.

एकदा गढीला वेढा पडला. तिसऱ्या दिवशी बाहेरून ओंडक्याचे धक्के बसू लागले. मी सोसता येईल तेवढे सोसले आणि मोडलो. गढी पडली. त्या दिवशीचा पहारेकरी भुजंग पुन्हा कुणाला दिसला नाही. तेवढ्यावरून लोक म्हणू लागले, त्यानेच आतून दार उघडले.

शंभर वर्षे ही गोष्ट चालली. दसऱ्याला सारे गाव दरवाजाची पूजा करी, पण भुजंगाच्या घरच्यांना दूर उभे करीत. माझा लहान तुकडा खाचेतच रुतून राहिला होता. येणारेजाणारे तो पाहत, विचार मात्र कुणी केला नाही. मी, मोठा तुकडा, भुजंगाच्या वंशजांच्या मेंढवाड्यात फाटकाला आडवा पडलो होतो.

१९३९ साली पुण्याकडची एक सिनेमा कंपनी या वेढ्यावर बोलपट काढायला आली. गावच्या माणिकराव देशमुखांनी मंडळींना उतरायला जागा दिली. इतिहासाचे जाणकार म्हणून पडद्यावर नाव घालण्यासाठी हिंगोलीच्या शाळेतले व्यंकटराव मास्तर बोलावले गेले. ते गावोगाव फिरून जुने कागद वाचत.

कंपनीच्या सुताराने मला मेंढवाड्यातून उचलले. भुजंग अडसर काढतो, ते दृश्य घ्यायचे होते. नवा तुकडा जोडण्यासाठी तो माझे मोडके टोक तासणार, इतक्यात भुजंगाच्या घरची सून सुभद्राबाई आडवी आली.

"आमच्या घरचं लाकूड हाय. न विचारता काहून तासून राहिले?"

आवाज ऐकून मास्तर आले. माझ्या मोडक्या टोकावरून त्यांनी बोट फिरवले. मग दोघांकरवी मला दरवाजात नेले आणि खाचेतल्या तुकड्याला लावून पाहिले. रेषेला रेष जुळली.

"साहेब," ते दिग्दर्शकाला म्हणाले, "खुंटी अजून जागेवर आहे. दार आतून उघडलं असतं, तर आधी ही खुंटी काढावी लागली असती. अडसर लावलेला असतानाच मोडलाय."

"पण मास्तर, फितुरी नसेल तर गोष्टीत रंग काय राहिला?"

माणिकराव म्हणाले, "शंभर वर्षांची गोष्ट हाय. साऱ्या गावाला ठावं हाय."

"गावानं ऐकलंय, माणिकराव. बघितलं न्हाई कुणी." मास्तर शांत होते. "ते दृश्य ठेवायचं, तर माझं नाव काढा."

दोन दिवस काम थांबले. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शक एकटाच दरवाजात आला. त्याने खुंटी हलवून पाहिली. दोन्ही हात लावून ओढली. ती हलली नाही. संध्याकाळी त्याने निरोप दिला, दरवाजा बाहेरूनच फोडू.

सुभद्राबाई मास्तरांकडे आली. "मग भुजंगबाबा लढता लढता पडले, असं बी दाखवायला सांगा की."

मास्तर म्हणाले, "ते मला कुठंच सापडलं न्हाई, सुभद्राबाई. न सापडलेलं सांगितलं, तर तुमच्यावर आळ घेणाऱ्यांत अन् माझ्यात फरक काय?"

तिचा चेहरा उतरला. मग तिने विचारले,

"दार उघडलं न्हाई, एवढं पक्कं ना?"

"पक्कं."

"मग तेवढंच दाखवा."

दोन वर्षांनी तो बोलपट हिंगोलीला तंबूत लागला. गाव बैलगाड्या जुंपून गेले. पडद्यावर दरवाजा बाहेरून फुटला. त्या दसऱ्याला माणिकराव बाजूला सरकले आणि त्यांनी सुभद्राबाईला दरवाजापर्यंत वाट दिली.

आता १९४८ साल आहे. मी मास्तरांच्या शाळेच्या ओसरीवर असतो. सुभद्राबाई वर्षातून एकदा मला तेल लावून जाते. मित्रांनो, जुन्या वस्तूंना वाळवी लागू देऊ नका. त्या मोडल्या असतील, तर छान दिसाव्यात म्हणून त्यांना तासू नका. माझे मोडलेले टोकच कामी आले. आणि पडद्यावर लढाई पाहाल तेव्हा विचारा, हे कुणी तपासले आहे?

मास्तरांचे केस आता पांढरे झालेत, तरी सुट्टीच्या दिवशी ते जुने कागद शोधत फिरतात. माझ्यावर त्यांनी एक चिठ्ठी डकवली आहे. तिच्यावर वेढ्याची हकिकत आहे, आणि खाली लिहिले आहे : 'भुजंगाचे पुढे काय झाले, माहीत नाही. शोध चालू आहे.'