अर्धवट ओवलेला हार

माझ्या बहिणीची मुलगी भूमिका नऊ वर्षांची आहे आणि दर तीन आठवड्यांनी तिला दुसऱ्या कुणाचे तरी रक्त लागते. आजार जन्माचा, थॅलेसीमियाचा. रक्तगट ए निगेटिव्ह. कॉलेजांना सुट्ट्या लागल्या की रक्तदानाची शिबिरे थांबतात, आणि मे महिन्यात बुऱ्हाणपुरात त्या गटाची पिशवी मिळता मिळत नाही. असे सहा उन्हाळे आम्ही काढले.

मी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो: वाढदिवस, निवडणुका, श्रद्धांजल्या. माणसांशी बोलणे मला जमत नाही. अक्षरांच्या आडून बोलतो. यंदा रक्तदात्यांच्या मंडळाने मोहिमेचे काम माझ्याकडे दिले, तेव्हा तो नेहमीचा लाल थेंब आणि जोडलेले हात मी बाजूला ठेवले. भूमिकाचा हसरा फोटो घेतला. त्याभोवती हार काढला, पण अर्धाच. डावीकडे झेंडू दाट ओवलेले, उजवीकडे नुसता दोरा लोंबणारा. खाली लिहिले, ‘हा हार पुरा होऊ देऊ नका. ए निगेटिव्ह रक्त द्या.’

भूमिकाची आई, तेजस्विनीताई, त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, लाव. नाही म्हणण्याइतके बळ तिच्यात उरले नव्हते.

दुकानाचा मालक धर्मेंद्र मात्र हसला. “आपल्या गावात लोक मयतीतबी गाडीवरून उतरत नाहीत, अन् तुझा दोरा पाहाले उतरतील?” मी चित्र छपाईला लावले. मला ती कल्पना फार आवडली होती. आज ते कबूल करतो.

सोमवारी उजाडता उजाडता सात चौकांत फ्लेक्स लागले. त्यातला एक लालबागच्या चौकात, गेलेल्यांचे फोटो जिथे लावतात त्याच लोखंडी चौकटीत. दुसरी जागा मोकळी नव्हती.

त्याच सकाळी भूमिकाला दवाखान्यात आणले. तिचे ओठ कागदासारखे पांढरे झाले होते. डॉक्टर म्हणाले, आज रात्रीच्या आत रक्त चढायलाच हवे. आमचा भरवसा सुकलालवर होता. इच्छापूरचा सुकलाल केळीचा ट्रक दिल्लीला नेतो. तिला तीनदा रक्त दिलेला माणूस. ती त्याला केळीमामा म्हणते. भरलेला ट्रक दहापर्यंत उभा ठेवतो, रक्त देतो आणि मगच निघतो, असे त्याने आदल्या दिवशी स्वतः सांगितले होते.

दहा वाजले. अकरा वाजले. मी फोन लावत होतो; तो उचलत नव्हता. मंडळाच्या यादीतले या गटाचे उरलेले दोघे गाव सोडून गेलेले. खांडव्याच्या रक्तपेढीतही त्या गटाचे रक्त नव्हते.

साडेअकराच्या सुमारास व्हरांड्यात रडण्याचा आवाज उठला. जसोंडी गावची सोजरबाई, ताईची चुलत सासू, बाजाराला आली होती; ताईच्या घराला कुलूप पाहून इकडे धावली. पदर कपाळावर ओढून, भिंतीला धरत ती येत होती.

“मही सोन्यासारखी पोर गेली वं माय.”

भूमिकाने डोळे उघडले. “कोण गेलं, मामा?”

सोजरबाई दारातच थिजली. मग खाटेपाशी बसली आणि पोरीचे पाय चाचपू लागली. चौकात हार पाहिला, एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तिला वाचता येत नाही. पण ज्यांना येते त्यांनी तरी कुठे वाचले असेल? इच्छापुराहून येणारा रस्ता लालबागच्या चौकातूनच जातो, हे मला तेव्हा आठवले.

ताई माझ्याकडे पाहत होती. तिला सारे कळले होते. तिने मान फिरवून भूमिकाचा हात हातात घेतला.

मी फोन लावत राहिलो. एक वाजता सुकलालने उचलला. मागे इंजिनाची घरघर होती. तो सनावदच्या पुढे गेला होता. मी सांगू लागलो, शब्द अडखळत होते, आणि तो मधेच शांतपणे म्हणाला, “भाऊ, मी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. पोरीच्या फोटोले हार होता. चौकात ट्रक थांबवून रडलो. आता कायले खोटं बोलता?”

“ती आहे, सुकलालभाऊ. चूक माझी आहे. ते चित्र मी काढलं.”

घरघर थांबली. त्याने ट्रक बाजूला घेतला असावा. मग तो म्हणाला, “तिले बोलू दे. मग फिरतो.”

मी फोन भूमिकाच्या तोंडाशी धरला. केळीमामा आहे, काहीतरी बोल, म्हटले. तिचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. ताईने तिला थोडे उचलले, पाठीवरून हात फिरवला. पुन्हा तेच. फक्त श्वास येत होता, तुटक, कोरडा, मधेच हरवून परत सापडणारा. मी फोन आणखी जवळ नेला. सोजरबाईने रडणे गिळले. पलीकडे तो माणूस तापलेल्या रस्त्याच्या कडेला ऐकत होता.

“आला ऐकू,” तो म्हणाला. “येतो.”

फोन बंद झाला. तीन तासांची वाट होती, आणि रक्त तपासायचा वेळ वेगळा. तरी मी हात मागे घेतला नाही. फोन तिच्या ओठांशी तसाच धरून बसलो, आणि त्याच्या काळ्या काचेवर तिच्या श्वासाची वाफ उमटते का, ते पाहत राहिलो.