पेटीसाठी साठ रुपये जास्त

गव्हाणच्या मालू कोळिणीनं वयाच्या चोपन्नाव्या वर्षी डोक्यावरची पाटी खाली ठेवली, पण मासळीचा धंदा काही सोडला नाही. गुडघ्यांनी संप केला होता, एवढंच. नवरा हरेश खाडीत जाळं टाकायचा आणि जे मिळेल ते मालू रोडपालीच्या इमारतींमध्ये नेऊन विकायची. बावीस वर्षं हे चालू होतं. सहा आसनी रिक्षात पाटी मांडीवर घेऊन ती मागच्या कोपऱ्यात बसायची, आणि शेजारच्या बाईचा रुमाल गव्हाणपासून उतरेपर्यंत नाकावरून हलायचा नाही. मालू खिडकीबाहेर बघत बसायची. बाहेर बघितलं तरी तो रुमाल तिला दिसायचाच.

एके दिवशी सुनेनं, संजनानं, तिच्या फोनवर गाडी बोलवायचं ॲप टाकून दिलं.

"आई, यात जास्त सामानाची गाडी मिळते. साठ रुपये वर पडतात, पण गाडी दारात येते आणि दारात सोडते."

हरेश जाळं विणत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "मासलीला कशाला लागते गाडी? तुझी आई चालत जायची पनवेलला."

"तिचं गुडघं तुमी बघितलं नाय," मालू म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

पहिल्या दोन गाड्या दारापर्यंत आल्या आणि पाटी बघून तशाच वळल्या. तिसऱ्यानं घेतलं, पण सगळ्या काचा उघड्या टाकून रस्ताभर तो तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. मालूला राग आला. पण घरी आल्यावर तिला त्याचंही पटलं. गाडी हे त्याचं पोट होतं. मागे वास राहिला तर पुढचं गिऱ्हाईक त्यालाच बोल लावणार.

मग तिनं पनवेलच्या बाजारातून जाड भिंतींची बर्फाची पेटी आणली. झाकणाला रबराची कड, दोन्ही बाजूंना घट्ट कड्या. मासळी घरीच धुऊन, पिशव्यांत बांधून ती बर्फात घालायची. पेटी रोज गरम पाण्यानं आणि लिंबाच्या सालींनी घासायची. गाडीत ठेवताना खाली प्लास्टिक अंथरायची. तेव्हापासून एकाही ड्रायव्हरनं तोंड वाकडं केलं नाही. तीन महिन्यांत तिच्या चारच्या नऊ इमारती झाल्या. मागच्या सीटवर पाय सैल सोडून ती फोनवर ऑर्डरी घ्यायची. ते साठ रुपये देताना तिचा हात कधी अडखळला नाही.

आणि मग एका शुक्रवारी संजना सोबत होती, तेव्हा दोघी उतरत असताना ड्रायव्हरनं विचारलं, "काय आहे पेटीत?"

"कोळंबी," मालूनं सरळ सांगितलं. "घेता का पावशेर?"

तो गाडी वळवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी फोनवर निरोप आला. सीट खराब केली, गाडीत घाण वास सुटला, सफाईचे नऊशे रुपये कापून घेतले, आणि तुमचं खातं बंद. खाली डाग पडलेल्या सीटचा फोटो.

संजनानं फोटो मोठा करून पाहिला. "आई, आपण बसलो त्या गाडीची सीट काळी होती. मी पेटी उतरवली ना. ही तर राखाडी आहे."

त्यांनी कंपनीला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं की आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

"दिलगीर हाय, तर पैसं कशाला ठेवून घेतलं?" मालूनं विचारलं. फोनमध्ये त्याला उत्तर द्यायला माणूसच नव्हता. मग तिनं माणूस कुठे बसतो त्याचा शोध घेतला. पनवेल स्टेशनजवळ, एका इमारतीत पहिल्या मजल्यावर कंपनीचं ऑफिस होतं.

मंगळवारी रोडपालीच्या दमयंतीबाईंकडे चाळीस माणसांचं जेवण होतं. त्यांना बारा वाजेपर्यंत जिताडा आणि चिंबोऱ्या हव्या होत्या. त्या पहाटे हरेशच्या जाळ्यात सहा किलोचा जिताडा लागला. असा मासा वर्षातून एकदा मिळाला तरी खाडीनं पुष्कळ दिलं म्हणायचं.

"माझ्या फोनवरून गाडी बोलावते," संजना म्हणाली.

"तुझ्या नावाआड लपून कशाला जाऊ? मी काय घाण केलीय? आधी त्या हाफिसात जायचं, मग रोडपाली."

सासू-सुना पेटी घेऊन सहा आसनी रिक्षानं पनवेलला आल्या. ऑफिस उघडलं तेव्हा दहा वाजले होते. आत एसी, काचेची बंद दारं, दोन सोफे आणि तक्रारी घेऊन आलेले दहा-बारा ड्रायव्हर. मालूनं टोकन घेतलं, पेटी सोफ्याशेजारी ठेवली आणि बसली. बाजूला फुजैल नावाचा ड्रायव्हर होता, पनवेलचाच, दाढी नीट राखलेला. त्यानं हातातला चहाचा कप कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

"खाला, यावर ठेवला तर चालेल?"

"ठेव ना," मालू म्हणाली.

नंबर लागायला तासभर गेला. खुर्चीत निकेश नावाचा तिशीतला अधिकारी होता. त्यानं तक्रार वाचली, फोटो बघितला आणि दमलेल्या आवाजात म्हणाला, "मावशी, तुम्ही गाडीतून मासळी नेता?"

"नेते. जास्त सामानाचे पैसं भरून नेते."

"पैसे सामानाचे आहेत. मासळीचा वास चार-चार दिवस गाडीत राहतो. पुढच्या माणसानं तो का सोसायचा?"

"नाय सोसायचा," मालू म्हणाली. "तुमी बरोबर बोलता. आता मना सांगा, तुमच्या या खोलीत कसला वास येतोय?"

निकेशला प्रश्न कळेना. पण त्यानं श्वास घेऊन पाहिला. "चहाचा. थोडा रूम फ्रेशनरचा."

मालूनं मागे वळून विचारलं, "तुमाला कुनाला आणिक काय येतो?"

ड्रायव्हर एकमेकांकडे बघायला लागले. फुजैल म्हणाला, "अत्तर माझं असेल."

मालू उठली. पेटीवरचा रिकामा कप तिनं त्याच्या हातात दिला, दोन्ही कड्या वर केल्या आणि झाकण उघडलं.

बर्फावर जिताडा पसरला होता. पेटीत मावत नव्हता म्हणून शेपटी वळवून ठेवलेली, आणि खवले नव्या भांड्यासारखे चकचकीत. बाजूला ओल्या गोणपाटात नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या बुडबुडे सोडत होत्या.

"तास होऊन गेला, इथंच हाय," मालू म्हणाली. "तुमच्या चहाखाली."

मागे कोणीतरी हसलं आणि सगळे ड्रायव्हर उठून पेटीभोवती जमले. फुजैल वाकून बघत राहिला. "माशाल्ला. उरणच्या बंदरावरसुद्धा एवढा जिताडा कधीतरीच दिसतो."

मालूनं झाकण लावलं, कड्या अडकवल्या. "आता फोटो बघा. सुनेला बोलू द्या."

संजनानं त्या दिवशीचा प्रवास फोनवर काढून गाडीचा नंबर सांगितला. निकेशनं तो संगणकात टाकला. कंपनीकडे नोंदवलेल्या गाडीचा फोटो पडद्यावर आला. सीट काळी होती. त्यानं आणखी काही शोधलं, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. राखाडी सीटचा तोच फोटो त्याच ड्रायव्हरनं आणखी दोन गिऱ्हाइकांच्या नावावर लावला होता.

"मावशी, आमची चूक झाली," तो म्हणाला. "आम्ही नीट बघितलंच नाही. पैसे परत करतो, खातं आत्ता चालू करतो. त्या ड्रायव्हरचं मी बघतो."

"हे लिवून द्या. माझ्या फोनावर. त्या तीन दिलगिऱ्यांच्या खाली."

निकेशनं ते तिच्यासमोर टाइप केलं. संजनानं मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मालूनं प्रत्येक शब्द ऐकून घेतला. मग निकेश म्हणाला, "आणि रोडपालीपर्यंत गाडी आमच्यातर्फे. फुकट."

"फुकट नको," मालू म्हणाली. "फुकट बसवलेल्याला मधीच उतरवता येतं. मी साठ रुपये जास्त देते, ती सोय विकत घेते. ती मना पुरी पायजे. उपकार नकोत."

तिनं स्वतःच्या फोनवर स्वतःच्या बोटानं बटण दाबलं. खोलीतच कोणाचा तरी फोन वाजला. फुजैलनं आपला फोन बघितला आणि तिच्याकडे पाहून हसला. "खाला, मीच येतो. माझं काम उद्या होईल."

पेटी त्यानं जिन्यावरून एकट्यानं खाली नेली. काचा बंद, एसी चालू. कळंबोलीच्या पुलाखाली गर्दी लागली तेव्हा संजना सारखी घड्याळ बघत होती, पण मालू अगदी स्वस्थ होती. बाराला सात मिनिटं कमी असताना गाडी दमयंतीबाईंच्या दारात थांबली.

दमयंतीबाईंनी झाकण उघडलं आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. आतून पाहुण्या बायका बाहेर आल्या. मासा ओट्यावर जाईपर्यंत त्यांतल्या तिघींनी मालूचा नंबर घेतला होता. फुजैलनंही घेतला, अम्मीला चिंबोऱ्या हव्या होत्या.

रिकामी पेटी घेऊन दोघी फाटकापाशी आल्या. संजना ॲप उघडून म्हणाली, "आता सामान नाही आई. साधी गाडी बोलावते."

"मोठी बोलाव. एसीवाली."

"आता कशाला जास्त द्यायचे?"

"आता माझ्यासाठी."

गाडी आली. मालू मागच्या सीटवर ऐसपैस बसली, पदर सारखा केला, दुखरा गुडघा लांब केला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "घाई नाय. नीट चालव." मग तिनं हरेशला फोन लावला.

"काय झाला?" त्यानं काळजीनं विचारलं.

"उद्या मोठं जाळं टाका," मालू म्हणाली. "तीन घरं वाढली."