हाराच्या कड्या

झुंबरबाईनं कागदाच्या लगद्याचा गोळा पाटावर आपटला, तळहातानं दाबून त्याची भाकरीएवढी जाड पट्टी केली आणि समोरच्या माणसाकडे न बघता विचारलं,

"हार घालाचा आहे ना याले?"

"घालाचाच आहे. बापाचं वर्षश्राद्ध आहे. हार नाही तं काय तोरण बांधू?"

"मंग यात आई कशी ठेवता, भाऊ?"

नारायणराव तिच्या ओसरीतल्या खाटेवर पाय हलवत बसले होते. गुडघ्यावर फोटो होता. त्यात त्यांचे वडील उकंडराव खुर्चीवर बसलेले, डोक्याला फेटा, पायांत कोरे जोडे. शेजारी आई उभी, रुक्मिणीबाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, एक हात खुर्चीच्या पाठीवर. बांधाचा खटला जिंकला त्या दिवशी बुलढाण्याला काढलेला फोटो. उकंडरावांचा जन्मात निघालेला हा एकच. आईचाही एकच.

"तेच तं सांगून राह्यलो," नारायणराव म्हणाले. "आई जिती आहे. बापाचा हार तिच्या गळ्यात पडला तं लोक तोंडात शेण घालतीन. तू त्या बाजूची पट्टी रुंद कर. वेल काढ, पानं काढ, बेगड लाव चांगली सोनेरी. आई खाली दबून जाईन. पण फोटो कापजो नको. जित्या आईले कैची लावली तं पाप लागते."

"अन् दाबल्यानं?"

"दाबल्यानं काय होते, बाई? आहे तं आतच."

झुंबरबाईनं पट्टीची कड अंगठ्यानं जरा जास्तच जोरात दाबली आणि ती फाटली, तेव्हा पुन्हा गोळा केला.

रोहिणखेडात सगळ्यांना माहीत होतं, उकंडराव जिवंत असताना बाप-लेक एका पंगतीला बसत नव्हते. बाप मेला आणि लेकाला तो बैठकीत हवासा झाला. जिल्हा परिषद नवी निघाली होती, नारायणरावांना उभं राहायचं होतं, तालुक्याची माणसं चहाला येणार होती. मेलेला बाप फार सोयीचा असतो. तो भिंतीवर राहतो, उलटून बोलत नाही आणि त्याच्या नावावर चारचौघांत डोळे पुसता येतात.

चौकट करावी तर झुंबरबाईनंच. रद्दी भिजवून ती उखळात कांडायची, त्यात वाटलेली मेथी आणि पांढरी माती मळायची. मेथीनं लगदा चिकट होतो आणि कसरही लागत नाही. पट्ट्या वाळल्या की चिंचोक्याच्या खळीनं बेगड चिकटवायची आणि गुळगुळीत गोट्यानं घोटायची. बेगडीचा हात तिला लहानपणी शेजारच्या, मोहरमचे ताबूत सजवणाऱ्या ताजियेवाल्यांच्या घरात लागला होता. त्यांच्याकडची उरलेले तुकडे गोळा करता करता. तिच्या चौकटीत एक तर देव बसायचा, नाही तर मेलेलं माणूस. जित्या माणसांचे फोटो गावात पेटीत, लुगड्यांच्या घडीत असत. म्हणून माणसाची चौकट असली की वरच्या दोन्ही कोपऱ्यांत ती तारेच्या दोन कड्या न विचारता बसवून टाकायची. हार बांधायला.

चार दिवस वेल वाळत होती. रुंद, भरघोस वेल. मात्र रुक्मिणीबाईच्या चेहऱ्यावर येणारं पान झुंबरबाईनं मुद्दाम वाकडं बसवलं. फोटो मागे धरला की पानाआडून म्हातारीचा एक डोळा आणि अर्धं कुंकू दिसे. हार कडेनं लोंबणार, तिथवर पोचणार नव्हता. नारायणरावांना दिसलंच तर म्हणतील, बाईचा हात चुकला. म्हणू देत. आईला भिंतीत चिणणाऱ्याला एवढा तरी डोळा बघत राहिला पाहिजे.

बेगड लावायला घेतली त्या दुपारी रुक्मिणीबाई आली. कपाळ मोकळं, पदराखाली मेथीदाण्याचं गाठोडं.

"लगद्याले लागते ना तुह्या? घे. अन् दाखव मले, कशी दाबली ते."

झुंबरबाई ओशाळली. "बसा ना, काकू."

"नाही. आहे तशी बरी. सवय आहे."

ती खांबाला हात लावून उभीच राहिली. झुंबरबाईनं चौकट उचलून दाखवली आणि आवाज खाली आणला.

"पूर्ण नाही दाबली म्या. हे पाहा, या पानाच्या बाजूनं तुमचा डोळा दिसते. भाऊले सांगू नका."

रुक्मिणीबाईनं चौकट दूर धरली, मग जवळ घेतली.

"हे कायले ठेवलं?"

"तुम्ही दिसावं म्हून."

"कोनाले दिसू? अन् याच्या बाजूले?"

झुंबरबाई तर शाबासकी मिळेल म्हणून तयार बसली होती.

"हा फोटो काढला ना," म्हातारी म्हणाली, "तथी खुर्च्या दोन होत्या. फोटोवाला म्हणला, बाईले बसवा. हा म्हणला, राहू द्या उभी, तिले सवय आहे. त्यानं मले घरात कधी बस म्हटलं नाही, तं तथी काय म्हनन? आता तो गेला. अन् हे पोरगं पुन्हा मले त्याच्याच बाजूले उभं करून राह्यलं. वर पानं लावून."

"मंग सगळीच दाबून टाकतो, काकू. डोळाबी नाही दिसन."

"दाबू नको. काप."

"वो माय!" झुंबरबाईनं हातातला गोटा खाली ठेवला. "जित्या माणसाले कैची? माह्या हातानं नाही होत. भाऊनं बजावून सांगितलं."

"तुह्या हातानं नाही होत तं दे इकडं."

आणि तिनं घेतलीच. खाली नाही बसली. फोटो खांबाला टेकवून, जीभ दातांत धरून, चोळीचं कापड बेतावं तशी सरळ कापत गेली. कैची थांबली तेव्हा नवरा एका हातात होता, आपण स्वतः दुसऱ्या हातात.

झुंबरबाईनं दोन्ही तुकडे बघितले.

"काकू, तुमची बोटं राह्यली तिकडं. खुर्चीवर."

रुक्मिणीबाईनं निरखून पाहिलं. खुर्चीच्या पाठीवर चार बोटं होती खरी.

"राहू दे," ती म्हणाली. "आखरीले त्याच हाताले धरून उठे-बसे तो. राहू दे त्याच्यापाशी. वरून पान बसव."

पदर डोक्यावर घेत तिनं आपला तुकडा पाटावर ठेवला.

"मले एक तळहाताएवढी चौकट कर. उरल्यासुरल्या बेगडीची. बाजाराच्या दिवशी येतो मी. अन् नारायणले सांग, दबली."

दोन दिवसांनी नारायणराव चौकट न्यायला आले. वेलीच्या मागे आता कोरा पुठ्ठा होता. त्यांनी सोनेरी पानांवरून हात फिरवला, चौकट उन्हात धरली, तिरपी करून आत डोकावले.

"झ्याक! आई नीट दबली ना?"

"कुठंच दिसत नाही, भाऊ."

"कैची तं नाही लावली?"

"म्या? देवाशपथ, म्या हातबी नाही लावला."

"शहाणी आहेस. कड्या पक्क्या ना? खामगावून हार आणून राह्यलो. जड आहे."

"बैल बांधा," झुंबरबाई म्हणाली.

बाजाराच्या दिवशी रुक्मिणीबाई आली तेव्हा तिच्या टोपलीत वांगी होती. ती ओसरीच्या खांबापाशी उभी राहिली, नेहमीसारखी. झुंबरबाईनं लुगड्याच्या चिंधीतून छोटी चौकट काढली. रुपेरी बेगड, चारी बाजूंनी बारीक वेल, मेथीचा वास अजून गेला नव्हता.

म्हातारीनं ती हातात घेतली आणि बोटानं वरचा कोपरा चाचपला.

"हे काय वो?"

झुंबरबाईनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. दोन्ही कोपऱ्यांत तारेच्या कड्या. हाताला लागलेली खोड. हात बसवून मोकळा झाला होता, डोक्याला पत्ताच नव्हता.

"चुकली माय मी! तोंडात माती पडो माह्या. आना इकडं, आना, काढून टाकतो—"

रुक्मिणीबाई हसायला लागली. पोट धरून हसली. "नारायणच्या आधी तूच मारून टाकलं मले!"

हसता हसता तिनं अंगठा आणि बोट लावून एक कडी पिळून काढली, मग दुसरी. लगदा थोडा उकलला, बेगडीला चीर गेली. कड्या तिनं झुंबरबाईच्या तळहातावर ठेवल्या आणि वरून तिची मूठ मिटवली.

"ठेव. लागतीन तव्हा तूच लावजो. अन् त्याच्या बाजूले टांगू देजो नको मले. दुसरी भिंत आहे घराले."

"हाव, काकू."

मग तिनं पहिल्यांदा नीट आपला फोटो पाहिला. बराच वेळ पाहत राहिली. खालच्या पट्टीवरून तिचं बोट इकडून तिकडे गेलं.

"माहे पाय कुठी गेले?"

"पट्टीखाली घेतले. गुडघ्यापासून."

झुंबरबाईनं खालची पट्टी मुद्दाम उंच केली होती. लुगड्याचा घोळ मांडीवर पडल्यासारखा वाटत होता आणि तुटक्या बोटांचा हात खुर्चीच्या बाहीवर टेकल्यासारखा. फोटोतली बाई आता उभी दिसत नव्हती.

रुक्मिणीबाईनं वांग्यांची टोपली खाली ठेवली. खाटेकडे पाहिलं, गोधडीचं टोक सारखं केलं आणि बसली. मागे सरकून, पाय वर घेऊन, चौकट मांडीवर घेऊन बसली.

"च्या टाक वो," ती म्हणाली. "मले घाई नाही."

झुंबरबाईनं मुठीतल्या कड्या उतरंडीच्या सगळ्यात खालच्या गाडग्यात टाकल्या आणि चुलीत काटक्या सारल्या.