काकूंचे पान

मित्रांनो, मी टेबलावरचा एक जुना संगणक. माझ्या आयुष्यात मुद्दाम ऐकण्यासारखे फारसे काही नाही, आणि जे आहे ते मला नीट सांगता येईल याचीही खात्री नाही. पण एक गोष्ट मनात सलत राहिली आहे. ती सांगतो.

एका मोठ्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर माझे अवयव जोडले गेले. शेवटी एका बाईने माझी काच मऊ फडक्याने पुसली आणि मला खोक्यात घातले. खोके उघडले ते चष्म्याच्या दुकानात. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, दिवसभर माझ्यात गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचे नंबर लिहीत. कोणी तक्रार घेऊन आला तर म्हणत, "हा चुकत नाही हो, चुकला असेल तो माझा हात." एवढे कौतुक माझे पुढे कोणी केले नाही.

काकांनी दुकान बंद केले तेव्हा मी त्यांच्या घरी आलो. खिडकीपाशी, काकूंच्या शिलाई मशीनच्या शेजारी मला जागा मिळाली. काकू सुरुवातीला मला हात लावायला घाबरत.

"बिघडला म्हणजे?"

"अगं, बिघडला तर दुरुस्त होईल. मला नाही का तू चाळीस वर्षं चालवून घेतलंस?"

"तुम्हाला कुठे दुरुस्त करता आलं!" काकू म्हणायच्या आणि बोट पुसून बटणावर ठेवायच्या.

इंटरनेट ज्या खिडकीतून दिसते, तिच्या वरच्या कोपऱ्यात छोटी छोटी चित्रे असतात. ती त्या खिडकीला वरून जोडलेल्या एकेका छोट्या प्रणालीची असतात. तुम्ही त्यांना एक्स्टेन्शन म्हणता. काका त्यांना पाहुणे म्हणायचे. "बोलावलेला पाहुणा बरा. न बोलावता आलेला आधी चहा मागतो, मग पलंग."

पुढे डॉक्टरांनी काकांना तपासणीचे कागद समजावून सांगितले. त्याच आठवड्यात काकांनी आपणहून एक पाहुणा बोलावला. त्याच्याजवळ आपण ओळी लिहून ठेवायच्या आणि त्याने रोज खिडकी उघडताच नव्या पानावर त्यांतली एक दाखवायची, एवढेच त्याचे काम. काकू भाजी आणायला गेल्या की काका लिहायला बसत. अक्षर त्यांनी मोठे ठेवले होते, काकूंना चष्म्याशिवाय वाचता येईल असे. ते गेले तेव्हा दोनशे चाळीस ओळी लिहून झाल्या होत्या.

तेराव्या की चौदाव्या दिवशी काकूंनी मला सुरू केले आणि पानावर आले: "टाकीची चावी डावीकडे फिरते. उजवीकडे जोर लावू नकोस." काकू कितीतरी वेळ हसत होत्या आणि रडत होत्या.

मग रोज सकाळी एक ओळ. "बँकेतल्या माणसाला घाबरू नकोस, तो तुला घाबरतो." "मी घोरतो हे तू बहिणीला सांगितलंस. मला कळलं होतं." काकू त्याला नुसते 'पान' म्हणत. बहिणीचा फोन आला की सांगत, "आज पान काय म्हणालं, ऐक." ते पान एखाद्या पाहुण्याने आणलेले आहे हे त्यांच्या गावीही नव्हते. त्यांना वाटायचे, माझा चेहराच तो.

पाच महिने असे गेले. मग एकदा काकू लहान मुलांच्या झबल्याचे नमुने शोधत होत्या. एक चौकट वर आली: नमुना पाहण्यासाठी परवानगी द्या. काकूंनी आयुष्यात कोणाला नाही म्हटले नव्हते. तिलाही त्या 'हो' म्हणाल्या. नमुना मिळाला नाहीच. आणखी दोन चौकटी आल्या, त्यांनाही हो. त्या तीन 'हो'बरोबर तीन आगंतुक आत शिरले. शेवटचा सगळ्यांत उर्मट. त्याने नव्या पानाची जागाच बळकावली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या ओळीच्या जागी जाहिराती आणि एक परका शोधचौकोन होता. काही शोधावे तर भलतीच दुकाने उघडत.

काकूंनी दुरुस्तीवाल्याला बोलावले. माणूस प्रामाणिक, हात चलाख.

"भाऊ, माझं पान गेलंय हो. ते परत आणा. बाकी काही नको मला."

"हात्तिच्या, एवढंच? पहिलं पान बदललंय, हायजॅकर म्हणतात त्याला. दहा मिनिटांचं काम, काकू." त्याने यादी उघडली. "बघा, पाच जण बसलेत इथे. हेच सगळी घाण करतात."

"अगं बाई, पाच पाहुणे? हाकला सगळ्यांना!" काकू म्हणाल्या आणि त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.

मित्रांनो, त्या पाचांत तीन आगंतुक होते, एक शब्दकोश होता आणि एक काकांचा होता. त्या शेवटच्या उर्मटाला काढले असते, तर त्याच्याखाली दबलेले काकूंचे पान आपोआप वर आले असते. मला ते ठाऊक होते. पण मला एकच प्रश्न विचारता येतो: काढून टाकायचे? तो मी पाचही वेळा विचारला. पाचही वेळा हो आले. आत कोणाचे काय आहे, हे विचारायची सोय माझ्यात कोणी केलेली नाही. सगळ्या ओळी त्या एका पाहुण्याच्या खिशात होत्या. पाहुणा गेला, खिसाही गेला.

"घ्या काकू, आलं तुमचं पान!"

काकू कपबशी घेऊन आल्या. पडद्यावर पांढरे, स्वच्छ, रिकामे पान होते.

"हे नाही हो. ह्यांचं. ह्यांनी लिहिलेलं."

दुरुस्तीवाल्याच्या तोंडचे पाणी पळाले. तो चार तास माझ्या आठवणींच्या तबकडीचा कानाकोपरा धुंडाळत होता. पण सफाईसाठी त्याने इंटरनेटवरून जी साधने उतरवून घेतली होती, ती नेमकी ओळी पुसून मोकळ्या झालेल्या जागेवर लिहिली गेली होती. मलाही त्या ओळी आता आठवत नाहीत.

"काकू, मी विचारायला हवं होतं."

"तुम्ही दाखवलंत की. मीच म्हटलं हाकला." मग हळूच म्हणाल्या, "नव्वद एक राहिल्या असतील वाचायच्या. पुरवून पुरवून वाचत होते."

मित्रांनो, परक्या चौकटीला हो म्हणण्याआधी ती काय मागते ते वाचा. नको असलेले जरूर काढा, पण एकेक करून, ते कोणी आणले आणि त्याच्याजवळ काय आहे हे पाहून. आणि प्रिय माणसाचे शब्द एकाच ठिकाणी ठेवू नका. आम्ही यंत्रे सांगितलेले सगळे ऐकतो, हाच आमचा दोष.

आता दुरुस्तीवाला दर गुरुवारी येतो. काकू आठवतील तशा ओळी सांगतात आणि तो माझ्यात उतरवून घेतो, वर कागदावरही छापतो. एकसष्ट झाल्या. परवा काकूंनी एक सांगितली: "जेवताना एकटी बसू नकोस, खिडकीपाशी बस." त्याने लिहिली. काकू पडद्याकडे पाहत राहिल्या.

"पुसा ती. ही ह्यांची नाही. मीच मनानं रचली असणार."

त्याचे बोट बटणावर गेले आणि थांबले.

"काकू, खरंच पुसू?"

काकूंनी खिडकीकडे पाहिले.

"नको," त्या म्हणाल्या. "असू दे."