गोश म्हणजे डावीकडे

इलिंका प्रोदान आमच्या शाळेत आली तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांना वाटलं, ही महिनाभरात परत जाईल. याश शहरात वाढलेली पोरगी, केस कापलेले, आणि शिकवायला आली फ्रेंच. आमच्या वालेआ मेरिलोर गावात फ्रेंच कुणाला हवं होतं? ज्यांचे बाप, काका इंग्लंडला ट्रक चालवायला गेलेले, त्यांना इंग्रजी हवं होतं. पण शाळेला मिळाली फ्रेंचची बाई, म्हणून प्राथमिकच्या मुलांना फ्रेंच.

मी तिसरीची वर्गशिक्षिका. तिचा तास चालू असताना मागे बसून वह्या तपासायची, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

पहिले काही आठवडे फार वाईट गेले. मुलं तोंड उघडायचीच नाहीत. फ्रेंचमधला 'त्यू', म्हणजे आपलं 'तू', म्हणायला ओठ चंबूसारखे पुढे काढावे लागतात. एकाने काढले की बाकीचे खिदळायचे, आणि मग तोही गप्प. सगळ्यांत गप्प होती स्मारांदा. गाव्रिल लोहाराची नात. गृहपाठ चोख, पण तोंडातून एक अक्षर निघेल तर शपथ.

तास संपल्यावर इलिंका माझ्यापाशी येऊन बसली. "दोम्निकाताई, मी भिंतीशी बोलतेय असं वाटतं."

"शिकायची लाज वाटते त्यांना," मी म्हटलं. "शिकवायची कधी वाटत नाही. मधल्या सुट्टीत बघ, धाकट्यांवर कशी दादागिरी करतात."

मी सहज बोलून गेले, पण दुसऱ्या दिवशी तिने वर्गात जाहीर केलं, "आजपासून तुम्ही पण मास्तर. प्रत्येकाने गावातला एक मोठा माणूस धरायचा. इथे जे शिकाल ते त्याला शिकवायचं. त्याला येत नसेल तर दोष विद्यार्थ्याचा नाही, मास्तरांचा."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग हळूहळू चेहरे उजळले.

त्यानंतर गावात जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. दुकानवाल्या परास्किवामावशीला योनुत्स नावाच्या पोराने विद्यार्थिनी केलं. पाव घ्यायला गेला की आधी उजळणी, मग पाव. मावशीच्या नमस्कारावर, म्हणजे 'बोंझूर'वर, तो मान हलवायचा, "नाकातून, मावशी, नाकातून." आमचे फादर पण एका पोरीच्या हाती सापडले. चर्चच्या पायरीवर बसून ते रंगांची नावं घोकायचे. आणि आभार मानताना आपण रोज म्हणतो ते 'मेर्सी' मुळात फ्रेंच आहे हे कळल्यावर तर म्हाताऱ्यांना चेवच आला. "म्हणजे अर्धं आम्हाला येतच होतं की," असं म्हणत ते उरलेल्या अर्ध्याच्या मागे लागले.

स्मारांदाने आजोबाला धरलं होतं. एकदा विळ्याला धार लावून घ्यायला मी भट्टीवर गेले, तर ही एवढीशी पोरगी कमरेवर हात ठेवून उभी, आणि गाव्रिल समोर स्टुलावर.

"ओठ शिट्टी मारल्यासारखे करा, आजोबा. आणि हसू नका."

"अगं, पुढचे दात पडलेत माझे. खरंच शिट्टी वाजते."

"कारणं सांगायची नाहीत. म्हणा, त्यू."

मला बघून ती लाजली आणि आत पळाली. पण तिचा आवाज मी ऐकला होता. उच्चार इलिंकाइतका स्वच्छ.

मार्च उजाडला. रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या मनगटांवर वसंताचे लाल-पांढरे दोरे आले. इलिंकाने त्या आठवड्यात दिशा शिकवायला घेतल्या आणि मुलांना सांगितलं, दोरा डाव्या हाताला बांधा. दोऱ्याचा हात तो 'गोश', म्हणजे डावा. उजवं तिने मुद्दाम पुढच्या सोमवारवर ठेवलं. दोन्ही एकदम शिकवलं की गोंधळ होतो. झालं, दोन दिवसांत अख्ख्या गावाचे दोरे डाव्या हातावर आले.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापक मानोलाकेसरांनी वाईट बातमी आणली. काही पालकांनी जिल्ह्याला अर्ज केला होता, फ्रेंच काढा, इंग्रजी द्या. तपासायला निरीक्षक बाई येणार होत्या. कोणत्या दिवशी ते कळवलं नव्हतं. त्या दिवशी इलिंकाने डबा उघडलाच नाही.

गुरुवारी सकाळी बाई आल्या. पाइप टाकायला रस्ता खणला होता, म्हणून गाडी बस थांब्यावर ठेवून त्या पायी निघाल्या. उंच, करड्या कोटातल्या, पायात चकचकीत बूट. दुकानापाशी थांबून त्यांनी आपल्या भाषेत विचारलं, "शाळा कुठे आहे हो?"

परास्किवामावशीने बूट बघूनच ओळखलं, ही कोण. आपल्या इलिंकाची बाजू राखायची तर आत्ताच, असं तिच्या मनाने घेतलं. तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि नाकातून म्हणाली, "बोंझूर, मादाम. आ गोश." आणि दोऱ्याचा हात वर केला.

बाई चकित झाल्या. डावीकडे वळल्या. कोपऱ्यावर गाव्रिल. त्यानेही टोपी काढली, "बोंझूर, मादाम. आ गोश." पुढे फादर अंगण झाडत होते. त्यांनीही तेच सांगितलं. त्यांच्या पुढे दळणवाली भेटली, तिनेही तेच. बाई चिखल तुडवत डावीकडे वळत राहिल्या आणि चर्चला पूर्ण वळसा घालून परत दुकानासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, शाळा नक्की कुठे आहे?"

मावशी आता मात्र आपल्या भाषेवर आली. "ती काय, उजवीकडे. दोन घरं सोडून."

"मग मला डावीकडे का पाठवलंत?"

"उजवीकडेला काय म्हणतात ते अजून शिकवलं नाही. सोमवारी आहे. म्हटलं, पुढचं कुणीतरी सांगेल."

बाईंनी खाली आपल्या बुटांवरचा चिखल बघितला. मग पोट धरून हसायला लागल्या. मावशीने त्यांना खोक्यावर बसवलं आणि गरम तळलेला गोड वडा हातात दिला. "कुणी शिकवलं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"माझे मास्तर नऊ वर्षांचे आहेत. फार कडक."

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. वर्गात आम्हाला दिसलं ते एवढंच, की दार उघडलं आणि घोट्यापर्यंत चिखल माखलेल्या निरीक्षक बाई आत आल्या. इलिंकाच्या हातातला खडू खाली पडला. मुलं खाली वह्यांत बघायला लागली.

बाई फ्रेंचमध्ये सावकाश बोलल्या. माझी गाडी बस थांब्यावर आहे, मी तिकडे कशी जाऊ? कुणी हललं नाही. बाईंनी मनगटावर नसलेला दोरा शोधल्यासारखं केलं आणि विचारलं, "आ गोश?"

तेव्हा मागचा एक बाक कुरकुरला. स्मारांदा उभी राहिली. चेहरा लाल झाला होता, पण चुकीचं उत्तर तिला सोसवेना. "नों, मादाम," ती म्हणाली, आणि मग इलिंकाकडे वळली, "बाई, उजवीकडेला काय म्हणतात? लवकर सांगा, नाहीतर त्या परत चुकतील."

"आ द्र्वात," इलिंका म्हणाली.

"आ द्र्वात, मादाम." स्मारांदाने सरळ बाईंचा हात धरला आणि त्यांना बाहेर काढलं. मागोमाग अख्खा वर्ग. सोमवारचा धडा गुरुवारीच, रस्त्यावर झाला. प्रत्येक वळणावर कल्ला, "आ द्र्वात", "आ गोश", आणि कुठे चुकलं तर बाई मुद्दाम चुकीकडे चालायला लागायच्या. मग पोरं कोट धरून त्यांना मागे ओढायची. गाव्रिलपाशी पोचल्यावर स्मारांदा थांबली. "आजोबा, दोरा नसलेला हात द्र्वात. म्हणून दाखवा." गाव्रिलने म्हणून दाखवलं. शिट्टीसकट.

गाडीपाशी बाई इलिंकाला म्हणाल्या, "वीस वर्षं तास तपासतेय. तासात मला अजून कुणी चालवत नेलं नव्हतं."

इलिंकाने आमच्या रोजच्यासारखं नुसतं "मेर्सी" म्हटलं.

फ्रेंच राहिलं. इंग्रजीही आलं, आठवड्यातून दोनदा बसने येणाऱ्या एका तरुण मास्तरांबरोबर. अर्ज करणाऱ्या पालकांचं त्यावर समाधान झालं, आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणंही काही चूक नव्हतं.

ईस्टरनंतर मोठ्यांनी इलिंकाला गाठलं. पोरं फार ओरडतात, आता आम्हाला खऱ्या बाईकडून शिकू दे. तिने शनिवारी दुपारी तास ठेवला. फादर, लोहार, दुकानवाली मावशी, सगळे तिसरीच्या छोट्या बाकांत गुडघे दुमडून बसले. मीही बसले. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली, आणि इलिंकाने फादरना उठवून पुढे बसवलं.