ससाणीच्या पायातला वाळा

मित्रांनो, मी एक जुना वाळा आहे. कुणा बाळाच्या पायातला नव्हे, रानातल्या ससाणीच्या पायातला. वाटाण्याएवढा, ॲल्युमिनियमचा, अंगावर बारीक आकडे कोरलेला.

कॅन्ससमधल्या गव्हाच्या मुलखात ट्वायला पेनर शाळेची बस चालवी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पक्षी-नोंदीसाठी पाखरांच्या पायात आकड्यांचे वाळे घाली. एकदा तिने गोठ्याच्या भिंतीवर घरट्यासाठी लावलेल्या लाकडी खोक्यातून केस्ट्रेलचे पिल्लू काढले. केस्ट्रेल म्हणजे साळुंकीएवढा ससाणा. त्या पिल्लाच्या पायात तिने मला बसवले. थोरला भाऊ मर्ल खाली उभा होता.

"पाखरांची बारशी करत बस तू!" तो हसला.

"तुला कुठे बोलावलंय जेवायला?" ट्वायला म्हणाली.

पुढचे दिवस स्वप्नासारखे गेले. माझी ससाणी वाऱ्यावर एकाच जागी थरथरत थांबे आणि खाली गहू लाटांसारखा डोले. शरदात मोठमोठे बाज गिरक्या घेत दक्षिणेला निघत. त्यांच्या सावल्या माझ्यावरून सरकत. मी धातूचा, पण तेव्हा वाटे, मलाही पिसे फुटली आहेत.

तिसऱ्या उन्हाळ्यात ती त्याच खोक्यात चार पिल्लांची आई झाली. त्या वर्षी टोळ माजले.

"फवारा मारू नकोस रे इतक्यात. पिल्लं उडू देत," ट्वायलाने विनवले.

"तोवर माझं शेत उडेल!" मर्ल म्हणाला. त्याचेही खोटे नव्हते. त्याने औषध मारले.

ते टोळ ससाणीने खाल्ले. दुसऱ्या दिवशी बांधावर मरून पडलेली ती मर्ललाच सापडली. टोपीत घालून त्याने तिला बहिणीकडे आणले.

"ट्वायला... हिच्या पायात तुझा वाळा आहे गं."

ट्वायलाने मला काढून त्याच्या तळहातावर ठेवले.

एकटा नर चार चोचींना पुरा पडेना. मर्लने फवाऱ्याचा पंप धुऊन ठेवून दिला. सापळ्यातल्या उंदरांचे तुकडे करून, मला शर्टाच्या खिशात टाकून, तो रोज तीनदा शिडी चढू लागला. पिल्ले त्याची बोटे फोडत.

"हातमोजे देऊ?" ट्वायला विचारी.

"नको. टोचू देत."

एक पिल्लू वाचले नाही. तीन उडाली.

मग ट्वायला पक्षी-नोंदीच्या कचेरीला माझे आकडे कळवायला बसली. 'मृत्यूचे कारण' या रकान्यापाशी तिचा हात थांबला.

"लिही ना," मर्ल हळूच म्हणाला. "भावाचा फवारा."

मित्रांनो, पीक जरूर राखा. पण औषध हाती घेण्याआधी त्या शेतावर आणखी कोणाकोणाचे पोट आहे, तेवढे मात्र विचारा.